दुष्काळाच्या साली जन्मलेले विद्यापीठ

अंबाजोगाईचे नाव घेतले की मराठी माणसाला आधी आठवते ती योगेश्वरी. त्यापाठोपाठ आठवते आद्यकवी मुकुंदराजांची समाधी, आणि लांबलचक कापडी पासोडीवर ‘पंचीकरण’ लिहून ठेवणारे दासोपंत. निजामाच्या राज्यात या गावाचे नाव मोमिनाबाद होते. इथल्या योगेश्वरी शाळेत स्वामी रामानंद तीर्थांनी विद्यार्थी घडवले आणि पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व केले. त्यांचेच नाव इथल्या शासकीय ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाला दिलेले आहे. अंबाजोगाईला कौतुकाने ‘मराठवाड्याचे पुणे’ म्हणतात ते काही उगाच नाही.

पण विद्येचे हे गाव वसले आहे बालाघाटाच्या डोंगरावर. जमीन बऱ्याच ठिकाणी हलकी, पाऊस बेभरवशाचा. गावाची तहान भागते ती केज तालुक्यातल्या धनेगावच्या मांजरा धरणावर, आणि ते धरण काही वर्षी भरते, काही वर्षी तळ दाखवते. अशा मुलखात विद्यापीठाने हवामानासाठी आणि ऊर्जेसाठी काय करायचे, हा आजचा आपला विषय आहे.

हवामान बदल हा शब्द आता शाळकरी मुलांनाही पाठ झाला आहे. विद्यापीठांनी त्याबाबत काय करावे, असे कोणाला विचारले तर उत्तर ठरलेले असते. छतावर सौरपट्ट्या बसवाव्यात, आवारात झाडे लावावीत, एखादे चर्चासत्र भरवावे. यातले काहीच वाईट नाही. पण मराठवाड्यात या प्रश्नाचा इतिहास जुना आहे आणि तो विद्यापीठाच्या छतावरून सुरू होत नाही. तो सुरू होतो शेताच्या बांधावरून.

साल १९१८. हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. देशी भाषेत, म्हणजे उर्दूत, उच्च शिक्षण देणारे विद्यापीठ म्हणून त्याचा मोठा बोलबाला झाला. त्याच वर्षी निजाम सरकारने परभणीला शेतीच्या प्रयोगांसाठी एक प्रक्षेत्र सुरू केले. राजधानीतल्या दगडी कमानींची चर्चा देशभर झाली. परभणीच्या काळ्या रानात कापसाचे निवडक झाड शोधत फिरणाऱ्या कर्मचाऱ्यांची कोणी फारशी दखल घेतली नाही. मात्र त्या रानात गावराणी कापसाच्या सुधारित जाती तयार झाल्या. कोरडवाहू जमिनीत, आहे त्या पावसात काय टिकते हे वर्षानुवर्षे पाहायचे आणि लिहून ठेवायचे, हे काम तिथे सुरू झाले. आज ज्याला आपण हवामानाशी जुळवून घेणारी शेती म्हणतो, तिची पायाभरणी अशी झाली. तेव्हा तिला असे भारदस्त नाव नव्हते, एवढेच.

दुसरे साल १९५८. मराठवाडा तोवर हैदराबाद राज्यातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला होता. २३ ऑगस्ट १९५८ रोजी तेव्हाच्या औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. तेच पुढे १९९४ मध्ये नामविस्तार होऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले, आणि अंबाजोगाईची महाविद्यालये त्याच्याच छत्राखाली आली. गंमत अशी की त्याच वर्षी, मार्च महिन्यात, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या स्क्रिप्स संस्थेतला चार्ल्स कीलिंग हा शास्त्रज्ञ हवाई बेटांवरच्या मौना लोआ या ज्वालामुखीवर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजू लागला होता. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो ३१५ भागांच्या आसपास होता. आता हा आकडा ४२० च्या पुढे गेला आहे. ही वाढ जगाला कळली ती कोणा मंत्र्याच्या भाषणातून नाही. एका माणसाने वर्षानुवर्षे मोजमाप सोडले नाही आणि त्याच्या संस्थेने ते कायमचे बंद पडू दिले नाही, म्हणून कळली. विद्यापीठाचे पहिले काम हेच असते. मोजत राहणे.

आता आपण तिसऱ्या सालाकडे येऊ. १९७२.

ज्यांचे वय आज साठीच्या पुढे आहे त्यांना बहात्तरचा दुष्काळ सांगावा लागत नाही. खडी फोडण्याची कामे, नालाबंडिंग, पाझर तलाव, सुकडी, रेशनवरची लाल मिलो. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जवळजवळ पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्याच अनुभवातून पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. आणि त्याच सालात, १८ मे १९७२ रोजी, परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. परभणीत १९५६ पासून कृषी महाविद्यालय होतेच. आपल्या भागाला स्वतंत्र कृषी विद्यापीठ हवे ही मागणी मराठवाड्याने लावून धरली होती. ती पूर्ण झाली तेव्हा पाऊस मात्र रुसून बसला. दुष्काळात जन्मलेल्या या विद्यापीठाला २०१३ मध्ये वसंतराव नाईक यांचे नाव देण्यात आले. नाईक हे त्या दुष्काळातले मुख्यमंत्री होते.

कृषी विद्यापीठ ही कल्पना मुळात अमेरिकेतली. अब्राहम लिंकनच्या काळात, १८६२ मध्ये, तिथे कायदा झाला आणि राज्याराज्यांत सरकारी जमिनीच्या उत्पन्नावर शेती व यंत्रविद्येची महाविद्यालये उभी राहिली. आपल्याकडे १९६० मध्ये पंतनगरला पहिले कृषी विद्यापीठ आले ते त्याच धर्तीवर. या विद्यापीठांवर तीन कामे सोपवलेली असतात. शिकवणे, संशोधन करणे आणि जे सापडले ते शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेणे. साध्या विद्यापीठाला तिसरे काम टाळता येते. कृषी विद्यापीठाला ते टाळता येत नाही. म्हणूनच हवामानाच्या प्रश्नात अशा विद्यापीठाची परीक्षा त्याच्या आवारात होत नाही. ती शंभरेक किलोमीटरवरच्या एखाद्या वाडीत होते.

परभणीचे विद्यापीठ अंबाजोगाईपर्यंत आले आहे. त्याचे एक कृषी महाविद्यालय इथे आहे. शिवाय इथे सीताफळ संशोधन केंद्र आहे, आणि ते मला विशेष महत्त्वाचे वाटते. बालाघाटाच्या डोंगरउतारांवर, धारूर-अंबाजोगाईच्या बाजूला सीताफळ आपोआप वाढलेले दिसते. हे झाड मूळचे अमेरिका खंडातले, पण या खडकाळ मुरमाड जमिनीत ते असे रुजले की आता त्याला कोणी परके म्हणणार नाही. उन्हाळ्यात ते पाने गाळून गप्प उभे राहते आणि पावसाची चाहूल लागली की फुटते. शेळी त्याच्या पाल्याला सहसा तोंड लावत नाही. म्हणजे पाणी नको, कुंपण नको. अंबाजोगाईच्या केंद्राने या रानटी झाडांतून निवड करून ‘धारूर-६’ ही जात दिली. २०१६ मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले.

एका फळाची ही गोष्ट हवामानाच्या चर्चेत कशाला, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. डोंगरउतारावर झाड टिकले तर माती टिकते. माती टिकली तर पाणी मुरते. झाडाच्या लाकडात आणि मुळांत हवेतला कार्बन साठतो तो वेगळाच. पण ते झाड शेतकऱ्याला चार पैसे देणार असेल तरच तो कुऱ्हाड लांब ठेवतो. सीताफळ तोडल्यावर दोन-तीन दिवसांत पिकते, लांबच्या बाजाराला पोचत नाही, आणि गर काढून ठेवावा तर तो काळा पडतो. या अडचणींवर काम करणे हीदेखील हवामानाचीच कृती आहे. नुसत्या वृक्षारोपणाच्या फोटोपेक्षा ती अधिक टिकाऊ आहे.

झाडाप्रमाणेच बियाण्याचे. मराठवाड्यात पाऊस बहुधा शेवटी दगा देतो. तूर फुलात असते आणि जमिनीतली ओल संपते. विद्यापीठाच्या बदनापूर केंद्राने आधी मर आणि वांझ रोगाला तोंड देणारी ‘बीएसएमआर-७३६’ ही तूर दिली, आणि पुढे ‘बीडीएन-७११’ ही लवकर येणारी जात दिली. पाच महिन्यांत काढणीला येणारी तूर शेवटच्या ताणातून सुटून जाते. सोयाबीनच्या बाबतीत रुंद सरी-वरंबा पद्धतीचे तसेच. गादीवाफ्यावर पीक आणि दोन्ही बाजूंना सरी. पाऊस कमी पडला तर सरीतली ओल उपयोगी पडते, जास्त पडला तर पाणी सरीतून निघून जाते. २०२५ च्या सप्टेंबरात याच दुष्काळी मराठवाड्याने अतिवृष्टीत उभी पिके पाण्याखाली गेलेली पाहिली. एकाच शेताला दोन्ही संकटांची तयारी ठेवावी लागते, हे आता वेगळे सांगायला नको.

आता ऊर्जेकडे वळू. परभणीच्या विद्यापीठात पशुशक्तीच्या योग्य वापरावर अखिल भारतीय प्रकल्पाचे एक केंद्र आहे. नाव ऐकून शहरी माणसाला हसू येईल. पण एक बैलजोडी साधारण एक अश्वशक्तीच्या आसपास काम देते आणि तिला डिझेल लागत नाही. तिच्यासाठी पेरणीची, कोळपणीची, फवारणीची हलकी आणि नेमकी अवजारे बनवणे, गोल फिरणाऱ्या बैलाच्या शक्तीवर कडबा कापण्याचे किंवा दळण्याचे यंत्र चालवणे, असे काम तिथे झाले. ट्रॅक्टर आल्यावर बैल मागे पडले हे खरे. पण ज्याच्याकडे दोन-अडीच एकर कोरडवाहू जमीन आहे, त्याचे ट्रॅक्टरच्या भाड्याचे गणित वेगळे असते. त्याच्यासाठी हे संशोधन जुनाट ठरत नाही.

गोबरगॅसची कथा आणखी बोधप्रद आहे. मैल्यापासून गॅस काढून दिवे लावण्याचा प्रयोग मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात १८९७ सालीच झाला होता. १९५१ च्या सुमारास जशभाई पटेलांनी ‘ग्रामलक्ष्मी’ हे गोबरगॅस यंत्र तयार केले आणि पुढे खादी आयोगाने ते गावोगाव नेले. गणित साधे आहे. पंचवीस किलो शेणापासून दिवसाला सुमारे एक घनमीटर गॅस मिळतो. घरच्या चुलीला दोन घनमीटर पुरतो, म्हणजे चार-पाच जनावरे दावणीला हवीत. पण शेणाइतकेच पाणीही कालवावे लागते! दुष्काळात आधी पाणी जाते, मग चारा जातो, मग जनावरे छावणीत जातात, आणि गॅसची टाकी कोरडी पडते. जे यंत्र खेड्यात कागदावर उत्तम चालते ते बीड जिल्ह्यात तिसऱ्या वर्षी बंद का पडते, याचे उत्तर त्या यंत्रात सापडत नाही. ते पावसात आहे. हे समजून घ्यायला त्या भागातलेच विद्यापीठ लागते.

ऊर्जा आणि पाणी यांचे हे नाते सर्वांत ठळक दिसले ते अंबाजोगाईपासून पंचवीसेक किलोमीटरवरच्या परळीत. तिथे १९७१ मध्ये औष्णिक वीज केंद्राचा तीस मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला. पुढे २१० आणि २५० मेगावॅटचे मोठे संच आले. मागास म्हणवणाऱ्या भागात वीज केंद्र आले, रोजगार आला, याचा लोकांना अभिमान वाटला आणि तो रास्तच होता. मात्र फेब्रुवारी २०१३ मध्ये हे केंद्र बंद करावे लागले. कोळसा होता, यंत्रे होती, माणसे होती. पाणी नव्हते. जुलै २०१५ मध्ये पुन्हा तीच वेळ आली.

आपण कोळशाच्या विजेबद्दल बोलतो तेव्हा धुराबद्दल बोलतो. पाण्याबद्दल फारसे बोलत नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये जुन्या औष्णिक केंद्रांना पाण्याची मर्यादा घालून दिली. एका मेगावॅट-तासाला साडेतीन घनमीटर, म्हणजे विजेच्या एका युनिटमागे साडेतीन लिटर. या हिशेबाने २५० मेगावॅटचा एक संच दिवसभर पूर्ण ताकदीने चालला तर तो दोन कोटी लिटरपेक्षा जास्त पाणी घेतो. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर हा नियोजनाचा मापदंड धरला, तर पाऊण लाख वस्तीच्या गावाला रोज एक कोटी लिटर लागते. म्हणजे परळीतल्या एका संचाची एका दिवसाची तहान आणि अंबाजोगाईएवढ्या गावाची दोन दिवसांची तहान सारखीच. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते कोणी विसरलेले नाही.

म्हणून मराठवाड्यात सौर किंवा पवनऊर्जेची बाजू मांडताना ध्रुवावरच्या बर्फाचा दाखला द्यायची गरज नाही. सूर्य आणि वारा पाणी पीत नाहीत, एवढे सांगितले तरी लोकांना पटते. जगाच्या तापमानासाठी जे हिताचे आहे ते आमच्या हंड्यासाठीही हिताचे आहे, असा हा दुर्मीळ योग आहे. बीड जिल्ह्याच्या माळांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या आहेत, आणि शेतकऱ्याला कृषिपंपासाठी सौरवीज देण्याच्या योजना २०१७ पासून राज्यात एकामागून एक आल्या.

मात्र इथेच सावध राहायला हवे. विजेचा पंप भारनियमनामुळे थांबत असे. सौरपंप ऊन आहे तोवर चालतो आणि त्याला बिल येत नाही. खालचे पाणी मोजून न वापरले तर हाच स्वच्छ पंप बोअर कोरडे करील, आणि वरून त्यावर ऊस उभा राहील. हवा स्वच्छ आणि विहीर रिकामी, असा कारभार काय कामाचा? याचे उत्तर पंप विकणारा देणार नाही आणि अनुदान वाटणाराही देणार नाही. ते देण्याची जबाबदारी विद्यापीठाची आहे.

तसा एक प्रयत्न महाराष्ट्रात झालाही. जागतिक बँकेने २०१८ मध्ये ४२ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले आणि हवामानाशी जुळवून घेणाऱ्या शेतीसाठी नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू झाला. पंधरा जिल्ह्यांत बीडही होता. त्यात मुंबईच्या आयआयटीने गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची रीत तयार करून दिली. पाऊस किती पडला, किती वाहून गेला, जमिनीत किती ओल राहिली, पिकांना किती लागले, तूट किती आली. घरातली गृहिणी महिन्याच्या सुरुवातीला जो हिशेब करते तोच हा. फरक इतकाच की तो आजवर गावाने केला नव्हता. याच आयआयटीने २०१४ पासून दहा लाख सौर अभ्यासदिव्यांचा प्रकल्प राबवला. त्यात दिवे जोडण्याचे आणि दुरुस्तीचे काम गावातल्याच लोकांना शिकवले होते. दिवा बिघडला तर तो कोणाकडे न्यायचा हे ठाऊक असेल तरच खेड्यात नवे तंत्र टिकते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. परभणीचे विद्यापीठ भारतीय हवामान खात्याच्या मदतीने दर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी सल्ला काढते. पेरणी करावी की थांबावे, फवारणी करावी की नाही, असा तो सल्ला असतो. आकाशवाणीवरून तो अनेकांनी ऐकला असेल. हाच सल्ला अधिक जवळून, तालुक्यापर्यंत पोचावा म्हणून देशभर कृषी विज्ञान केंद्रांत जिल्हा पातळीवरची हवामान केंद्रे उघडली होती. ती १९९ केंद्रे २०२४ मध्ये बंद झाली. दुबार पेरणी म्हणजे काय हे ज्याने सोसले आहे, त्याला चार दिवस आधी मिळालेल्या खात्रीच्या शब्दाची किंमत कळते. बियाण्याची एक पिशवी वाया जाणे ही कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी लहान गोष्ट नसते. त्या पिशवीमागे कर्ज असते, आणि त्या कर्जापोटी दसऱ्यानंतर कोयता घेऊन साखर कारखान्याची वाट धरावी लागते.

शंभर वर्षांच्या या प्रवासातून मला तीन गोष्टी दिसतात. विद्यापीठाने हवामानासाठी केलेले सर्वांत टिकाऊ काम बियाणे, झाड आणि अवजार यांच्या रूपाने शेतात उभे आहे. दुसरे, आपल्या भागात ऊर्जेचा प्रश्न पाण्यापासून वेगळा काढता येत नाही. आणि तिसरे, ज्ञान तयार होण्यात आणि ते धुऱ्यापर्यंत पोचण्यात जे अंतर राहते, तिथेच शेतकऱ्याचे नुकसान होते.

हे अंतर कमी करायला फार मोठा निधी लागत नाही. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुले-मुली कार्यानुभवासाठी काही महिने खेड्यांत जातात. अंबाजोगाईच्या महाविद्यालयाच्या मुलांनी दर वर्षी त्याच गावांतल्या त्याच विहिरींची पातळी मोजली, सौरपंप किती तास चालला याची नोंद ठेवली, आणि ती वही पुढच्या तुकडीच्या हाती दिली, तर दहा वर्षांत बालाघाटाच्या पाण्याचा असा इतिहास तयार होईल, जो आज कोणाकडेच नाही. गावसभेत ऊस लावायचा की तूर, हे ठरवताना ती वही उघडता येईल. दासोपंतांच्या गावात चिकाटीने लिहून ठेवण्याची परंपरा आहेच. ती आता विहिरीच्या काठावर न्यायची आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)